दोन लाइनींचं घर

लवू कुबलाच्या पडवीच्या कौलांवरून एक बांबू वर गेला होता आणि बांबूच्या टोकाला पिठाची चाळण बांधलेली होती. देवखोलात नवा माणूस आला की आधी त्या चाळणीकडे बघत राहायचा. कोणी म्हणे कावळे भिववायला लावली आहे, कोणी म्हणे लवूला लकवा झाला त्याचा उतारा आहे. उतारा कसला, कपाळ! चाळणीच्या पोटात बोटाएवढं डोंगल बसवलेलं होतं, पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरची रेंज धरायला. चाळण लवूच्या सुनेची, प्राजक्ताची, लग्नात माहेरून आलेली. नवऱ्याने मागितली तशी तिने दुसरा शब्द न बोलता काढून दिली आणि पुढे वर्षभर पीठ शेजारच्या यशोदाकाकीच्या चाळणीने चाळलं. चाळणीचं काय घेऊन बसलात, त्या डोंगलापायी नवरा घरात राहणार असता तर तिने मंगळसूत्रही बांबूला बांधलं असतं.

कारण आमच्याकडच्या बाईला नवरा असतो म्हणजे तो मुंबईला असतो. प्राजक्ताचा नवरा सिद्धेश अंधेरीत एका विम्याच्या कंपनीत होता. इस्पितळांची बिलं यायची, ती कॉम्प्युटरवर तपासून पुढे सरकवायची, हे त्याचं काम. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, जाताना एसटीच्या खिडकीतून हात हलवायचा, की संपलं. मुलगी रिया चालायला-बोलायला लागली तरी बाप आला की दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायची, "बाबा, आज जातलंस?" त्यात लवूला लकवा झाला. जन्मभर होडीत उभा राहिलेला माणूस खाटेवर आडवा झाला. सासू तुळसा मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिने पाटी उचलावी की नवऱ्याला उचलावं? प्राजक्ताला घर सोडता येईना आणि सिद्धेशला मुंबई सोडता येईना. अशात एका गणपतीत तो म्हणाला, कंपनी एक-दोघांना घरून काम करू देते म्हणे, विचारून बघतो. प्राजक्ताने त्या दिवशी गावातला एकही देव नवसाशिवाय ठेवला नाही.

देव पावले. साहेबांनी हो म्हटलं, पण अट घातली: लाइन पडता कामा नये. सारखी पडायला लागली तर मुकाट्याने अंधेरीला परत यायचं. घरात टेलिफोन होता, त्याच्यावरच ब्रॉडबँड घेतलं. पण देवखोलची टेलिफोनची तार ती! खांबावरून निघते, माडाला टेकते, आंब्याला विळखा घालते आणि मग कुठे घरात शिरते. पाऊस पडला की सांध्यात पाणी. पाऊस नसला की खार कुरतडणार. आणि दोन्ही नसेल तर तिकडे कसालच्या बाजूला रस्ता खणणारा कोणीतरी केबल तोडून जेवायला गेलेला असणार, शिरा पडो त्याच्या तोंडार! म्हणून सिद्धेशने दुसरी लाइन घेतली, डोंगलची. आणि मुंबईहून एक राउटर मागवला, ज्याला मागे दोन तोंडं होती. एका तोंडात टेलिफोनची लाइन, दुसऱ्यात चाळणीतून खाली आलेली डोंगलची वायर. घरातून नेटवर जे काही जाईल-येईल ते या डब्याने दोन वाटांवर वाटून द्यायचं. एक वाट बुजली तर सगळी वर्दळ दुसरीवरून.

पहिल्या दिवशी सिद्धेशने अर्धं इकडून, अर्धं तिकडून असं लावलं आणि छाती फुगवून सांगितलं की आता होडीला दोन वल्ही. तिथेच माशी शिंकली. कंपनीचं मशीन भलतं संशयी. एकच माणूस एकाच वेळी पुढच्या दारातूनही येतो आणि मागच्याही, हे बघितल्यावर त्याने सिद्धेशला तडक बाहेर काढलं आणि दोन्ही दारं लावून घेतली. दुपारभर तो घामाघूम होऊन साहेबांशी फोनवर. शेवटी तोड निघाली. काम सगळं टेलिफोनच्या लाइनीवरून जाईल, कंपनीचं मशीन तेवढीच लाइन ओळखेल. बाकी घरचं जे काही असेल ते डोंगलवरून, म्हणजे कामाच्या वाटेत कोणी आडवं यायला नको. आणि टेलिफोन मेलाच तर साहेबांना निरोप धाडायला डोंगल जिवंत.

'कामाची लाइन' आणि 'घरची लाइन' ही नावं प्राजक्ताने पाडली. डब्यावर दोन हिरवे दिवे लागायचे. कुठला कोणाचा ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. रियाची गाणी घरच्या लाइनीवर. प्राजक्ताचा कुवेतचा भाऊ प्रितेश रविवारी कॅमेऱ्यावर दिसायचा, तो घरच्या लाइनीवर. कामाच्या दिव्याला कोणी हात लावायचा नाही, त्या खोलीत केरसुणीसुद्धा जपून मारायची. तार माडावर घासते म्हणून तिने शिडी लावून स्वतः झावळी तोडल्या. पावसाळ्यात सांध्याला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि वर सासऱ्याच्या जुन्या जाळ्याचा दोरा आवळला. दिवा लुकलुकला की ही हातातलं टाकून बघायला यायची, दिवा ठरला की पुन्हा चुलीकडे. अख्खा पावसाळा लाइन टिकली. साहेब खूश, सासू खूश, आणि रियाने सकाळचं विचारणं सोडून दिलं. प्राजक्ताला आणखी काही नको होतं.

आता सिद्धेश खूश होता का? तसं त्याला कोणी विचारलं नाही. दिवसभर तो त्या कोंदट खोलीत बिलांवर डोळे लावून. एकदा मुंबईचा मित्र रविराज फोनवर होता आणि सिद्धेश असा खदखदून हसला की चुलीपाशी प्राजक्ता दचकली. ते हसणं तिने घरात कधी ऐकलंच नव्हतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "दिवसभर माणूस म्हणान दिसणा नाय गो." ती म्हणाली, "मगे मी काय म्हस आसंय?" दोघंही हसली. तिच्या लेखी विषय तिथे मिटला.

मार्गशीर्षात रवळनाथाने कौल दिला. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडली आणि गावकर दाजींनी मोठ्याने सांगितलं: गावपळण. ही रीत देवखोलात बापजाद्यांपासूनची. काही वर्षं गेली की देव कौल देतो, आणि माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळा गाव शिवेबाहेर जाऊन झावळ्यांच्या राहुट्यांत राहतो. तीन दिवस गाव देवाचा. त्या दिवसांत शिवेच्या आत माणसाचं पाऊल पडायचं नाही. मग देवाने परतीचा कौल दिला की यायचं. बाहेरचे हसतात. हसूंदेत! पोरांना ती जत्रा वाटते, बायकांना माहेरपण वाटतं.

प्राजक्ताला मात्र त्या दिवशी अन्न गोड लागेना. "रजा मागा मरे," ती नवऱ्याला म्हणाली.

"डिसेंबर आसा. वर्षाचो शेवट. हेच दिवस बिलांचे," सिद्धेश म्हणाला. "आता खंयची रजा?"

तो संध्याकाळपर्यंत डब्यासमोर बसून राहिला, आणि मग त्याच्या डोक्यात काय ते पेटलं. दोन लाइनी आहेत ना? मग दोघींची ताटातूट करायची. कामाची लाइन घरातच राहील, चालू कॉम्प्युटरसकट, लाइट गेलीच तर इन्व्हर्टर आहे. घरच्या लाइनीचं डोंगल चाळणीतून काढून लॅपटॉपला लावायचं आणि शिवेबाहेर न्यायचं. राहुटीत बसून डोंगलच्या वाटेने आपल्याच घरात शिरायचं, आणि घरातल्या कॉम्प्युटरवरून कामाच्या लाइनीने कंपनीत. कंपनीच्या मशीनला वाटणार, माणूस घरीच बसलाय.

"देवाक चलात ह्या?" प्राजक्ताने भीत भीत विचारलं.

"देवान माणसांका भायर जाऊक सांगल्यान, कॉम्प्युटराक नाय," सिद्धेश म्हणाला. मग आईकडे वळून, "आये, घरात दिवो एक पण जळाचो नाय. फक्त ह्यो डबो आनी ता मशीन. चलात मां?"

तुळसा सुके बांगडे मडक्यात भरत होती. ती "हूं" म्हणाली. तुळसाच्या त्या 'हूं'चा अर्थ रवळनाथालाही लागला नसता, पण ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं.

नगारा वाजला तसा गाव निघाला. लवूला गादीसकट टेम्पोत चढवला. रिया कोंबडीला काखेत धरून पुढे पळाली. सगळ्यात शेवटी तुळसा आत गेली, देवांपुढे अक्षता ठेवायला. ती बाहेर आली तेव्हा प्राजक्ताने खिडकीतून एकदा खोलीत डोकावून बघितलं. कामाचा दिवा हिरवागार होता. मग तिने दाराला कुलूप घातलं.

शीव म्हणजे एक व्हाळ, समुद्राला मिळणारा. अलीकडे गाव, पलीकडे माळ, माळावर राहुट्या. संध्याकाळी सिद्धेशने लॅपटॉप मांडीवर घेतला, डोंगल लावलं आणि सगळा वाडा भोवती गोळा झाला. पडद्यावर घरच्या कॉम्प्युटरचं चित्र उमटलं, त्यात कंपनीचं पान उघडलं, बिलं सरकायला लागली. दाजी गावकर वाकून वाकून बघत होते. "म्हणजे घराक कुलूप आसा, घरात कोण नाय, आनी घर काम करता?" ते म्हणाले. "आयशीचो घो! माझे झील घरात बसान पण काम करणत नाय." सगळे हसले. प्राजक्ता सगळ्यांच्या मागे रियाला कडेवर घेऊन उभी होती. तिचा ऊर भरून आला. आता कसली भीती? गाव रिकामा झाला तरी लाइन पडत नाही, मग ती कधी पडणार? उन्हं उतरेपर्यंत सिद्धेश टाइप करत होता. मग त्याने झाकण मिटलं, डोळे चोळले आणि म्हणाला, "झाला एकदाचा." त्या संध्याकाळी प्राजक्ता लग्नात नसेल एवढी सुखात होती.

सकाळी पडद्यावर घर उमटलं नाही. सिद्धेशने पुन्हा लावून बघितलं, डोंगल काढून घातलं, व्हाळाच्या काठापर्यंत जाऊन बघितलं. डोंगल चालत होतं, पलीकडून घर ओ देत नव्हतं.

"इन्व्हर्टर संपलो आसतलो," तो म्हणाला. "म्हणजे घरात काल सांजेपासून करंट नाय."

"डीपीर गेली आसात लाइट," प्राजक्ता म्हणाली. पण म्हणता म्हणता तिची नजर सासूकडे गेली. तुळसा पानाचे देठ खुडत होती.

"आये?" प्राजक्ता म्हणाली. "तुमी तर नाय?"

तुळसाने चंची उघडून पुढे धरली. पानसुपारीच्या शेजारी चिनीमातीचा पांढरा फ्यूज होता. देवखोलात वीज आली तेव्हापासून ही एक नवीच रीत पडली होती. गावपळणीला निघताना घरातली थोरली बाई बोर्डावरचा फ्यूज काढून बरोबर घेते, देवाच्या गावात माणसाचा दिवा नको म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं. एकीने केलं म्हणून सगळ्यांनी केलं. त्या माळावर घराघराचा फ्यूज कोणाच्या ना कोणाच्या चंचीत होता.

"आये, अगो तुका सांगितलंय मां मी?" सिद्धेश म्हणाला.

"तू सांगलंस, मी ऐकलंय," तुळसा म्हणाली. तिचा आवाज चढला. "देवाकडे गाऱ्हाणा कोणी घातल्यान? मी! म्हटलंय, देवा म्हाराजा, माझ्या झिलाक परत मुंबयक धाडू नको, हडेच ऱ्हवांदे. आनी त्याच देवाच्या गावात मी माझा मशीन चालू ठेवू? मगे तो माझा आयकात?"

आता हिला काय सांगणार? पोरगा घरात राहावा म्हणून तिने जे केलं, त्यानेच तो जाणार होता. प्राजक्ताला ओरडावंसं वाटलं, सासूच्या हातातून चंची ओढून घ्यावीशी वाटली. पण सिद्धेश नुसता उठला. "जावंदे," तो म्हणाला, "आता काय इलाज नाय," आणि दाजींच्या राहुटीत पत्ते खेळायला जाऊन बसला. बिचारा, प्राजक्ता मनात म्हणाली, दुःख लपवायला गेला. तो लपवो. तिच्याने ते बघवेना.

तुळसा व्हाळावर अंघोळीला गेली तेव्हा चंची काठावरच्या दगडावर होती. प्राजक्ताने फ्यूज काढून ओटीत घातला. सासऱ्याला पेज भरवली, रियाला यशोदाकाकीकडे दिलं आणि शिंपल्या वेचायला म्हणून पाटी घेऊन निघाली. "ओहोटी आसा, तिसरे गावतत काय बघतंय," तिने सांगितलं. व्हाळ ओलांडायच्या साकवावर गावची पोरं काठ्या घेऊन पहाऱ्याला होती, म्हणून ती व्हाळाच्या मुखाकडे गेली. तिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो. गुडघाभर चिखलातून, तिवरांच्या मुळांत पाय सोलून घेत ती पलीकडे चढली. चढल्यावर थांबली. हे पाऊल आता परत घेता येणार नव्हतं. "देवा म्हाराजा, चुकलंय तर माका कर काय ता," ती मोठ्याने म्हणाली, "पण त्यांका हडे ठेव." मग ती पळत सुटली.

भर दुपारी गावात कुत्रं नव्हतं. कोंबडी नव्हती, पाण्याच्या पंपाचा आवाज नव्हता. विहिरीवर दोर तसाच लोंबत होता. तिच्या स्वतःच्या पायांचा आवाज मागून कोणी येत असल्यासारखा ऐकू यायचा आणि ती वळून बघायची. कुलूप काढताना किल्ली दोनदा खाली पडली. तिने बोर्डावर फ्यूज बसवला. इन्व्हर्टरने शीळ घातली, कॉम्प्युटर घुमायला लागला, डबाही जागा झाला. घरच्या लाइनीचा दिवा लागणार नव्हता, डोंगल माळावर होतं. ती कामाच्या दिव्याकडे बघत बसली. तो लुकलुकला. मग पुन्हा लुकलुकला. लाइन शोधायला लागला की तो असाच करतो, हे तिला ठाऊक होतं. थोडा वेळ शोधतो आणि ठरतो. ती थांबली. तो शोधतच राहिला.

तिने टेलिफोन कानाला लावला. आत काहीही नव्हतं, घूंसुद्धा नाही.

मग तिला कळलं. टेलिफोनचं एक्स्चेंज पंचायतीच्या शेजारच्या खोलीत. त्याला माणूस लागत नाही, ते आपलं आपण चालतं. पण त्या खोलीत झाडू मारायला गावचीच काशीबाई जाते. प्राजक्ता तिथवर धावत गेली आणि खिडकीच्या गजांतून बघितलं. आत काळोख होता. बोर्डावर फ्यूजची जागा रिकामी होती. काशीबाईनेही देवाचा मान राखला होता; आतली बॅटरी कालची संध्याकाळ पुरली, एवढंच. खोलीला हे एवढं कुलूप, आणि तो फ्यूज माळावर काशीबाईच्या चंचीत, पानसुपारीच्या शेजारी. प्राजक्ताने गजांवर डोकं टेकलं आणि तिथेच मोठ्याने रडली. ऐकायला कोणी नव्हतं, देव सोडून, आणि देवाकडे आता कुठल्या तोंडाने बघायचं? रीत मोडली, शीव मोडली, आणि हातात काय, चिखल.

तिने घरी येऊन फ्यूज परत काढला, कुलूप लावलं, भरती चढायच्या आत चिखल ओलांडला आणि तिसऱ्यांनी पाटीचा तळ कसाबसा झाकून माळावर आली. तुळसा लवूच्या उशाशी पेंगत होती. फ्यूज मुकाट चंचीत गेला. सिद्धेश पत्ते पिसत होता. "खंय होतंस?" त्याने विचारलं. "तिसऱ्यांक," ती म्हणाली. "बरां केलंस," तो म्हणाला आणि पानं वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश व्हाळावर अंघोळीला गेला असताना त्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर साहेबांचं नाव. प्राजक्ताने छातीवर हात ठेवून उचलला. आता बोलावणं आलंच, तिला वाटलं, आपण पाया पडू, फोनवरून पडू.

"साहेब, मी सिद्धेशची पत्नी बोलतेय," ती शाळेतल्या मराठीत म्हणाली. "आमच्या गावात देवाचं आहे. लाइन बंद पडली ती त्यांची चूक नाही. उद्या घरी गेलो की लगेच—"

"अहो, लाइनीचं काही नाही," साहेब म्हणाले. माणूस बरा होता, आवाज मऊ होता. "सिद्धेशची मेल परवा संध्याकाळी मिळाली, तेवढंच सांगायचं होतं. येऊ दे त्याला एक तारखेपासून अंधेरीला, जागा करतो मी. आमची काही सक्ती नव्हती हं. घरून काम चांगलं चाललं होतं. पण त्यानेच लिहिलंय, घरी जमत नाही, माणसांत बसून काम करायचंय. मी समजू शकतो. तुम्हालाही आणणार असेल ना मुंबईला?"

"हो," प्राजक्ता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

परवा संध्याकाळी. म्हणजे सगळा वाडा भोवती उभा होता, दाजी हसत होते, ती मागे ऊर भरून बघत होती, तेव्हा. लाइन तेव्हा पडली नव्हती. दोन्ही लाइनी धडधाकट होत्या आणि त्या लाइनींवरून तो हे लिहीत होता. आणि ती त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी चिखलातून गेली, जेव्हा सगळं लिहून झालं होतं. तिला आधी राग आला. मग लाज वाटली, की वर्षभर आपण दिव्यांकडे बघत होतो, माणसाकडे बघायचं राहिलं. मग नुसतंच रिकामं वाटायला लागलं. सिद्धेश केस पुसत आला. तिने मोबाइल त्याच्या हातात दिला. "सायबांचो फोन होतो," ती म्हणाली, "परत करतले." ती एवढंच बोलली. विचारायचं धाडस तिला झालं नाही, कारण खरं उत्तर तिच्याजवळ होतं आणि ते त्याच्या तोंडून ऐकलं असतं तर ती उभी राहिली नसती.

देवाने परतीचा कौल दिला, नगारा वाजला, गाव गुलाल उधळत घरी आला. तुळसाने आधी फ्यूज लावला आणि मग देवापुढे दिवा. रात्रीच्या जेवणाला भात आणि कुळथाची पिठी होती. लवू खाटेवर, बाकी सगळे खाली, प्राजक्ता वाढायला. दोन घास खाल्ल्यावर सिद्धेशने सांगितलं, ताटाकडे बघत.

"आये, कंपनीन बोलवल्यान. एक तारखेक अंधेरीक जावचा लागतला."

तुळसाचा हात थांबला. "कित्याक? काय झाला?"

"त्या दिवशी लाइन पडली मां," तो म्हणाला. "म्हणान."

मग तुळसाने खरकट्या हातानेच कपाळ बडवून घेतलं. "म्हणजे मी! अरे देवा, मीच माझ्या झिलाक घालवलंय! ह्या हातान! ह्या हातान फ्यूज काढलंय मी!" ती डोकं भिंतीवर आपटायला लागली. रिया घाबरून रडायला लागली, खाटेवर लवू वाकड्या तोंडाने काहीतरी सांगायला बघत होता आणि ते कोणाला कळत नव्हतं. प्राजक्ता पातेलं हातात धरून नवऱ्याकडे बघत राहिली. एक शब्द बोल, ती मनात म्हणत होती. ही तुझी आई आहे. तुझ्यामुळे नाही गो आये, एवढंच बोल. मी दुसरं काही मागत नाही. सिद्धेशने मान वर केली नाही.

तेव्हा प्राजक्ताने पातेलं खाली ठेवलं.

"आये, तुमच्यामुळे न्हय ता," ती म्हणाली. "मी गेल्लंय गावात. गावपळणीत, भर दुपारचा, शीव मोडून. तुमचो फ्यूज चोरून घेऊन गेलंय. देव माझ्यार कोपलो. तुमी काय एक केलास नाय."

तुळसा बडवायची थांबली. तिने सुनेकडे बघितलं, आधी न कळल्यासारखं, मग कळून. "तू?" ती म्हणाली. "देवाच्या गावात पाय घातलंस? आनी मी हडे त्येचे पाय धरतंय?" ती उठून उभी राहिली. "गो रांडे, मी देवाकडे मागान घेतलंय त्येका, आनी तू तुझ्या पायांनी घालवलंस! माझो झील घराक लागलेलो, तो तुझ्यामुळे गेलो! माका आये म्हणू नको परत. तुझ्या हातचा पाणी घेवचंय नाय मी."

सिद्धेशने आता वर बघितलं. आईकडे नाही, बायकोकडे. ती गावात गेली होती, कशासाठी गेली होती, हे त्याला कळलं. तिला सगळं ठाऊक आहे हेही कळलं. साहेबांचा फोन तिनेच घेतला होता. अजूनही वेळ गेली नव्हती. त्याचे ओठ हलले.

"आये, पुरे आता," तो म्हणाला. "झाला ता झाला. बस, जेव."

मग त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. "वायच पिठी वाढ गो," तो म्हणाला, आणि प्राजक्ताने वाढली.